रॉक गायक आणि उतारवय

साठी ओलांडल्यावरही जाहीर मैफली करणाऱ्या रॉक गायकांच्या गायनात वयोमानाने होणारे बदल आणि त्यांवर योजले जाणारे उपाय, असा या नोंदीचा विषय आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत नावारूपाला आलेली पिढी सत्तरी-ऐंशीतही स्टेडियम भरवू लागली, तेव्हा ‘आवाज गेला’ हा शेरा सर्रास ऐकू येऊ लागला. तो निम्माच खरा आहे. वयाने गळ्याची झीज होतेच. पण मैफल साधते की फसते, हे त्या झिजेइतकेच किंवा त्याहून अधिक, गायक ऐन तारुण्यातल्या ध्वनिमुद्रणाला स्वतःला किती बांधून घेतो यावर ठरते.

झीज नेमकी कशी होते हे आधी पाहायला हवे. स्वरतंतूंतील स्नायू वयानुसार बारीक होतो, वरच्या आवरणाची लवचिकता घटते आणि दोन्ही कडा पूर्वीसारख्या घट्ट मिटत नाहीत. मधल्या फटीतून हवा निसटते, त्यामुळे आवाजाची धार बोथट होते. स्वरयंत्रातील कूर्चा कडक होतात, छातीचा पिंजरा ताठरतो आणि दमसास तोकडा पडतो. गंमत अशी, की पुरुषांचा बोलण्याचा आवाज म्हातारपणी किंचित चढतो, पण गाण्यातले वरचे स्वर मात्र हातचे जातात. स्त्रियांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर सहसा खाली उतरतो. कानांचे दुखणे याहून वेगळे. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये दौरा सोडावा लागला तो गळ्यामुळे नव्हे, तर ऐकू येणे कमी झाल्यामुळे.

रॉकमध्ये ही झीज जास्त बोचते, कारण गाणे आणि त्याचे ध्वनिमुद्रण इथे एकच मानले जाते. श्रोता डीप पर्पलचे ‘चाइल्ड इन टाइम’ ऐकायला येतो तो १९७० च्या तबकडीवरचा इयान गिलन कानात घेऊन. मुद्रणाच्या वेळी गिलन चोविशीत होता आणि गाण्याच्या मधल्या भागात शब्दांवाचून पायरीपायरीने चढत जाणारी किंकाळी त्याच्या पल्ल्याच्या अगदी टोकाला होती. २००२ नंतर ते गाणे कार्यक्रमातून वगळले गेले. लेड झेपेलिनने १० डिसेंबर २००७ रोजी लंडनला केलेल्या पुनर्मीलनाच्या मैफलीत बरीच गाणी मूळ पट्टीच्या खाली वाजवली. तेव्हा ५९ वर्षांचा असलेला रॉबर्ट प्लँट किंचाळण्याऐवजी शब्दांच्या फेकीवर भर देऊन गायला आणि ती मैफल वाखाणली गेली. बॉब डिलन तर चाली आणि ताल इतके बदलतो, की जुने गाणे ओळखायला दोन ओळी जाव्या लागतात. लेनर्ड कोहेन १५ वर्षांच्या खंडानंतर २००८ मध्ये ७३ व्या वर्षी दौऱ्यावर निघाला, तो खर्जात स्थिरावलेला आवाज घेऊन. वाद्यमेळ त्याने त्या आवाजाभोवतीच बेतला.

यावर पहिला आक्षेप मिक जॅगरचे नाव घेऊन येतो. एप्रिल २०१९ मध्ये हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली आणि जूनमध्ये तो शिकागोच्या मंचावर पळत होता. मग वयाचा बाऊ कशाला? पण जॅगरचे गाणे उंच, लांबवलेल्या स्वरांवर कधी फारसे उभे नव्हते. ते लयीवर आणि बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या ठसक्यावर चालते, आणि पायातला जोर म्हणजे गळ्यातला जोर नव्हे. दुसरा आक्षेप असा, की आवाज वयाने नव्हे तर व्यसने आणि आरडाओरडा यांनी बिघडतो. यात तथ्य आहे. मात्र दुखापतीलाही वय जड करते: एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरला सप्टेंबर २०२३ मध्ये ७५ व्या वर्षी मैफलीत गळ्याला इजा झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. पट्टी उतरवणे ही श्रोत्याची फसवणूक, असेही म्हटले जाते. उतरवण्याची किंमत असते हे खरे. गिटारच्या तारा सैल केल्या की तिचा झळाळ कमी होऊन नाद जडावतो. तरी एक स्वर खाली गेलेले गाणे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, निसटलेला वरचा स्वर मात्र सगळ्यांच्या येतो. आधी मुद्रित केलेला आवाज लावून ओठ हलवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी प्रामाणिक.

खरी अडचण पॉल मॅकार्टनीची आहे. जून २०२२ मध्ये ऐंशी पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात तो ग्लास्टनबरीला गायला, आणि बहुतेक गाणी तो आजही मूळ पट्टीतच गातो. ‘मेबी आय’म अमेझ्ड’च्या वरच्या जागांवर आवाज चिरकतो, तरी लोक खूश असतात. म्हणजे जुने रूप न सोडताही निभावता येते, एवढे मान्य करावे लागते. मात्र त्याच्याकडे ‘हे जूड’सारखी अशी गाणी आहेत, ज्यांचा शेवट हजारो लोक स्वतःच गातात आणि त्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. गिलनची किंकाळी त्याच्यासाठी कोणी श्रोता मारू शकत नव्हता.