रिपलीच्या रस्त्यावर

साल १८८४. उन्हाळ्यातला रविवार. लंडनबाहेर, टेम्स डिटनच्या ‘एंजल’ खानावळीसमोर तुम्ही उभे आहात. अंगात क्लबचा लोकरी कोट, गुडघ्यापर्यंतची तुमान, लांब मोजे, टोपीवर बिल्ला. सायकलचं पुढचं चाक तुमच्या छातीला लागतंय.

बिगूल वाजतो. कॅप्टन निघाला. डावा पाय मागच्या चिमुकल्या चाकावरच्या पायरीवर ठेवा, उजव्यानं जमिनीला रेटा द्या, वेग आला की अंग उचलून सीटवर बसा आणि फिरती पेडल्स पायांनी पकडा. ती थेट पुढच्या चाकालाच जोडलेली. चाक फिरतंय तोवर पायांना विसावा नाही. टायर भरीव रबराचे, त्यामुळे रस्त्यातला खडा न् खडा मणक्याला कळतो. मोठा धोंडा आडवा आला तर हँडलवरून थेट तोंडावर आपटाल.

समोरून घोडागाडी येते. गाडीवान शिव्या हासडत चाबूक उगारतो. रांग सोडू नका. एकट्याला तो हुसकावेल, क्लबला वाट द्यावीच लागेल.

दहा मैलांवर रिपली गाव. ‘अँकर’च्या दारात सायकलींची दाटी झालीय. डिबल कुटुंबाच्या या खानावळीत धुळीनं माखलेल्या सायकलस्वारांचंही आपुलकीनं स्वागत होतं. इतरत्र असं होतंच असं नाही. म्हणूनच १८७८ मध्ये हॅरोगेटला स्थापन झालेला सायकलिस्ट्स टूरिंग क्लब गावोगावच्या हॉटेलांशी सदस्यांसाठी दर ठरवून घेतो; शिवाय धोक्याच्या उतारांवर फलकही लावतो.

आता चौदा वर्षं पुढे या. स्टार्लीच्या ‘रोव्हर’ या नव्या, बुटक्या सायकलनं स्वाराला जमिनीजवळ आणलं, डनलॉपनं टायरात हवा भरली. बायकाही सर्रास सायकल चालवू लागल्यात. ऑक्टोबर १८९८. रिपलीजवळच्या ऑकहॅममध्ये ‘हॉटबॉय’ हॉटेलच्या दारात टूरिंग क्लबच्या सदस्य लेडी हार्बर्टन उभ्या आहेत, स्कर्टऐवजी घोळदार विजार घालून. मालकीणबाई त्यांना कॉफी रूममध्ये घेत नाहीत. बसायचं तर बारच्या खोलीत, असं सुनावतात.

क्लब हे प्रकरण कोर्टात नेतो आणि १८९९ मध्ये हरतो. तरी एका बाईच्या पेहरावासाठी अख्खी संघटना उभी राहिली, हे मला त्या काळातल्या कुठल्याही शर्यतीच्या विक्रमाहून मोठं वाटतं. सायकलस्वाराला रस्ता कुणी दान दिला नाही; त्यानं तो एकजुटीनं मिळवला. तोच क्लब आज ‘सायकलिंग यूके’ या नावानं सायकलस्वारांच्या हक्कांसाठी काम करतो आहे.