तीन आणे की पंधरा आणे?
विषमता मोजण्याचा इतिहास

१९६३ साली लोकसभेत एक वाद गाजला. पोटनिवडणुकीत नुकतेच निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया म्हणाले, देशातील २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी साडेसात आणे सांगितले. (रुपयाचे सोळा आणे होत, हे आजच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागेल.)

एकाच देशाविषयी तीन उत्तरे कशी आली? पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती. लोहिया बोलत होते ते तळच्या साठ टक्के लोकांविषयी. म्हणजे प्रश्नच वेगवेगळे होते. तळच्या लोकांचे उत्पन्न सरासरीच्या बरेच खाली आहे याबद्दल दुमत नव्हते. ते नेमके किती खाली, यावर वाद होता.

प्रयोगशाळेत आम्ही नुसती सरासरी कधी सांगत नाही. मोजमापे सरासरीभोवती किती विखुरली आहेत हेही सोबत द्यावे लागते. समाजाच्या उत्पन्नाला हाच नियम लावायला मात्र बराच काळ जावा लागला.

सुरुवात स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात झाली म्हणता येईल. तेथील प्राध्यापक विल्फ्रेदो पारेतो यांनी १८९६-९७ साली निरनिराळ्या देशांचे प्राप्तिकराचे आकडे तपासले. वरच्या उत्पन्नगटांतील वाटणी सगळीकडे जवळपास एकाच सूत्राने मांडता येते, असे त्यांना आढळले. यातून विषमता हा जणू निसर्गनियमच आहे, तो बदलणार नाही, असा समज बळावला.

वाटणी खरोखर बदलते की नाही हे पाहायचे, तर ती नीट मोजण्याची रीत हवी. ती एका विद्यार्थ्याने दिली. मॅक्स लॉरेन्झ हा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी अभ्यास करत होता. १९०५ साली त्याने एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना आठवीच्या मुलालाही समजेल अशी आहे. सर्वांत गरीब माणसापासून सर्वांत श्रीमंतापर्यंत सगळ्यांना ओळीने उभे करा. मग पाहा, की पहिल्या वीस टक्क्यांकडे एकूण संपत्तीचा किती वाटा आहे, पहिल्या चाळीस टक्क्यांकडे किती, असे शंभरापर्यंत. हे बिंदू आलेखावर मांडून जोडा. सगळ्यांना सारखे मिळत असेल तर तिरकी सरळ रेषा येईल. वाटणी जितकी विषम, तितका वक्र त्या रेषेपासून दूर वाकेल. लॉरेन्झने पुढे आयुष्यभर रेल्वे आणि वाहतुकीच्या आकडेवारीचे काम केले. जगाला मात्र तो या एका वक्रामुळे ठाऊक आहे.

इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी १९१२ साली विषमतेसाठी एक गुणांक सुचवला आणि १९१४ साली त्याचे या वक्राशी असलेले नाते दाखवले. सरळ रेषा आणि वक्र यांमधील क्षेत्रफळाला रेषेखालच्या संपूर्ण त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने भागायचे. पूर्ण समता असेल तर उत्तर शून्य. सगळे एकाच्याच हाती असेल तर एकाच्या जवळ. गंमत अशी, की हेच जिनी पुढे मुसोलिनीच्या राजवटीत इटलीच्या मध्यवर्ती सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि फॅसिझमचे समर्थन करणारा लेखही त्यांनी लिहिला. मोजपट्टी तयार करणारा समतावादीच असतो असे नाही.

जिनी गुणांक सोयीचा आहे, पण एकाच आकड्यावर विसंबले की काय होते, ते दोन काल्पनिक गावांवरून पाहू. प्रत्येक गावात पाच कुटुंबे आहेत आणि गावाचे एकूण उत्पन्न १०० आहे. पहिल्या गावात दोन कुटुंबांना ८-८ मिळतात आणि तिघांना २८-२८. दुसऱ्या गावात चौघांना १४-१४ आणि एकाला ४४.

सरासरी दोन्हीकडे २०. आता बेरजा करत जाऊ. पहिल्या गावाचे बिंदू ८, १६, ४४, ७२, १००. दुसऱ्याचे १४, २८, ४२, ५६, १००. समतेच्या रेषेवर २०, ४०, ६०, ८०, १०० हवेत. पहिल्या गावातील तूट १२, २४, १६ आणि ८, एकूण ६०. दुसऱ्यातील ६, १२, १८ आणि २४, एकूण पुन्हा ६०! जिनी गुणांक दोन्हीकडे नेमका ०.२४. तरीही ही गावे सारखी नाहीत. एका गावात दोन चुली धड पेटत नाहीत, दुसऱ्यात एक जमीनदार इतर चौघांच्या तिपटीहून अधिक कमावतो. आलेख काढलात तर दोन्ही वक्र एकमेकांना छेदताना दिसतील.

वक्र छेदत असतील तर अधिक विषम गाव कोणते? ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी १९७० साली दाखवले, की याचे उत्तर नुसत्या गणितातून मिळत नाही. तळच्या माणसाच्या एका रुपयाला आपण किती महत्त्व देतो हे आधी ठरवावे लागते. प्रत्येक मोजमापात असा एक निर्णय लपलेला असतो. तो उघडपणे सांगावा, हा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे या प्रश्नाची पायाभरणी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी केली. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि घरोघरच्या खर्चाचे आकडे प्रथमच हाती येऊ लागले. वाढलेले राष्ट्रीय उत्पन्न गेले कोठे, हा प्रश्न खुद्द नेहरूंनीच १९६० साली विचारला होता. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही महालनोबीसच होते. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली याच पाहणीच्या आधारे दाखवले, की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना रोजचे २२५० कॅलरींचे अन्न मिळण्याइतकाही खर्च करता येत नव्हता. लोहियांचा प्रश्न आता विद्यापीठीय संशोधनाचा विषय झाला होता.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासातही हेच घडले. व्यापाराने देशाचे एकूण उत्पन्न वाढते, पण त्याच वेळी देशातील एखाद्या वर्गाचे खरे उत्पन्न घटू शकते, हे स्टोल्पर आणि सॅम्युएल्सन यांनी १९४१ सालीच सिद्ध केले होते. तरी चर्चा बराच काळ एकूण फायद्याभोवतीच फिरली. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी २०१३ साली अमेरिकेचे जिल्ह्यांसारखे लहान विभाग करून आकडे मांडले. चिनी मालाची स्पर्धा जेथे जास्त होती, तेथे बेकारी वाढली होती आणि मजुरी घटली होती. देशाच्या सरासरीत हे विभाग दिसत नव्हते.

गणिताच्या तासाला सरासरी शिकवून झाली, की वरच्या दोन गावांचे आलेख मुलांकडून आलेख-कागदावर काढून घ्यावेत. चौकोन मोजले तरी क्षेत्रफळे सारखी निघतील. मग विचारावे : यांपैकी कोणत्या गावात राहायला आवडेल? आणि आपले घर पाचांपैकी कोणते असेल हे आधी ठाऊक नसेल तर? उत्तरे वेगवेगळी येतील. त्यांतले एकच बरोबर ठरवण्याची घाई करू नये. प्रत्येकाने आपले कारण सांगावे, एवढे पुरे.