कडगंची आणि विद्येच्या शाखा

आपल्या गोव्यातून गाणगापूरला जाणारे दत्तभक्त पुष्कळ आहेत. मात्र कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कडगंची हे गाव त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव या गावचे, अशी परंपरा आहे. ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधर हे त्यांच्याच कुळातले, पाचव्या पिढीचे. २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठही आज याच कडगंचीत आहे. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, मानसशास्त्र असे कितीतरी विभाग आहेत.

हा निव्वळ योगायोग खरा, पण मला तो अर्थपूर्ण वाटतो. कारण ‘गुरुचरित्रा’चा सव्विसावा अध्याय विद्येच्या शाखांवरच आहे. बेदरच्या दरबारात मान मिळवून आलेले दोन गर्विष्ठ पंडित वाद करा, नाहीतर जयपत्र द्या, असा हट्ट धरतात. श्रीगुरू त्यांना वेदांचा विस्तार सांगतात. व्यासांनी वेदांचे चार भाग करून पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतू या चार शिष्यांना एकेक दिला. पुढे त्यांच्या शाखा झाल्या. भारद्वाज ऋषींना वेदांचे डोंगर दाखवून त्यातल्या तीन मुठीच दिल्या, ही कथाही तिथे येते. एका जन्माला पुरावे म्हणून ज्ञानाची वाटणी झाली, हे त्यातले मर्म.

आधुनिक विज्ञानाच्या शाखाही अशाच निघाल्या. १५६३ साली आपल्या गोव्यात छापलेला गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ पाहा. त्यात वैद्यक, वनस्पती आणि मसाल्यांचा व्यापार एकत्रच नांदतात. तेव्हा वेगळे ‘वनस्पतिशास्त्र’ कोणाला हवे होते? सजीवांच्या अभ्यासाला ‘बायॉलॉजी’ हे नाव १८०० च्या आसपास रूढ होऊ लागले. माहिती वाढत गेली तशा मुठी लहान होत गेल्या.

मी कला शाखेचा. शाळेत या शास्त्रांच्या व्याख्या नुसत्या पाठ केल्या होत्या. कडगंचीच्या परिसरातले तुरीचे एक शेत डोळ्यांसमोर आणले की त्या नीट उमगतात. काळी माती कुठून आली, हे भूविज्ञान सांगते: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बसाल्ट झिजून ती झाली. त्या मातीत कोणती द्रव्ये आहेत, हे रसायनशास्त्र पाहते. पाऊस कधी आणि किती, हा हवामानशास्त्राचा प्रश्न. तुरीचे मूळ, पान, फूल वनस्पतिशास्त्राकडे. मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्राकडे. शेंगा पोखरणारी अळी कीटकशास्त्राकडे. उन्हाच्या उष्णतेचा आणि प्रकाशाचा हिशेब भौतिकशास्त्राचा, तर बाजारभावाचा अर्थशास्त्राचा. आणि पीक बुडाल्यावर शेतकऱ्याच्या मनाचे काय होते, हे मानसशास्त्र विचारते.

शेत मात्र एकच! आमच्या कचेरीतही एकच अर्ज पाच टेबलांवर फिरतो. प्रत्येक कारकून आपापला रकाना तपासतो, पण अर्जदार माणूस पाहण्याचे काम कुठल्याच टेबलाकडे नसते. शास्त्रांचेही असे होऊ शकते. अळी मारणाऱ्या औषधाने मातीचे काय होईल, हे कीटकशास्त्राने दुसऱ्या शास्त्राला विचारलेच पाहिजे.

सत्ताविसाव्या अध्यायात त्या पंडितांचा गर्व उतरतो, तोही समाजाने पतित ठरवलेल्या एका माणसाच्या तोंडून वेद ऐकून. ज्ञान कोणाच्या मुठीत असेल ते सांगता येत नाही. तुरीच्या शेतातही पहिली मूठ शेतकऱ्याचीच असते.

आणखी एक गोष्ट. सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कानडी. आपल्याला मराठी येत नाही, असे ते ग्रंथात स्वतःच सांगतात. तरीही त्यांनी वेदांच्या शाखांसारखा अवघड विषय मराठी ओवीत आणला. विज्ञान मराठीत सांगता येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कडगंचीची आठवण ठेवावी.