नाव आहे, पत्ता नाही

अकोटा म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकांना प्राचीन अंकोट्टक आठवते आणि १९५१ साली येथील भूमीतून हाती आलेल्या जैन धातुमूर्ती आठवतात. डॉ. उमाकांत शाह यांनी त्या मूर्तींवर ग्रंथ लिहिला. काही मूर्तींवरील कोरीव लेखांमुळे, त्या कोणी घडवून घेतल्या त्या माणसांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचली. विश्वामित्रीच्या या तीरावर आमचे वास्तव्य पुष्कळ वर्षांचे आहे. आम्ही नुकतेच केलेले उत्खनन मात्र जमिनीतले नव्हे, घराच्या माळ्यावरचे. तेथे जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला, १९९२ साली घेतलेला एक संगणक होता, सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा डबा होता आणि कडेला भोके असलेल्या लांबलचक कागदावरची एक छपाई होती. सरकारी नोकरीत असताना आम्ही सी भाषेत लिहिलेला, निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचा हिशेब करणारा तो प्रोग्रॅम होता. त्याच्याशी आमचे एक जुने देणे राहून गेले होते. ते पुढे सांगू.

यंत्र सुरू झाले, परंतु त्याची स्मृती गेलेली होती. आतला छोटा विद्युतघट संपल्यामुळे आपल्याला हार्ड डिस्क आहे हेच ते विसरले होते, आणि आठवण करून दिल्यावरही डिस्क काही जागी झाली नाही. सुदैवाने टर्बो सी हे साधन एका फ्लॉपीवर सुखरूप होते. प्रोग्रॅम उघडून आज्ञा दिली, तेव्हा पहिलाच संदेश आला की एसटीडीआयओ डॉट एच ही फाइल उघडता येत नाही. फाइल तर त्याच फ्लॉपीवर डोळ्यांसमोर होती! थोड्या विचारानंतर उलगडा झाला. फाइली कोठे शोधायच्या याचा मार्ग तेहतीस वर्षांपूर्वी ‘सी’ ड्राइव्हचा लिहिलेला होता आणि आता सारा कारभार ‘ए’ ड्राइव्हवर आला होता. कचेरीचे स्थलांतर झाले, पण टपाल जुन्याच पत्त्यावर जात राहिले, असा तो प्रकार. मार्ग बदलताच तक्रार मिटली.

दुसरा संदेश अधिक विचार करायला लावणारा होता. अनडिफाइन्ड सिंबॉल, म्हणजे अज्ञात नाव, आणि पुढे अधोरेषेसह ‘थकबाकी’ हे आमच्याच एका फंक्शनचे नाव. येथे वाचकांना एक भेद सांगितला पाहिजे, कारण या लेखाचा सारा भार त्यावर आहे. हेच दोन शब्द टर्बो सीमध्ये दोन निरनिराळे अधिकारी उच्चारतात. ‘अमुक फंक्शनमध्ये नाव अज्ञात’ असे म्हटले असेल तर बोलणारा कंपायलर आहे. ‘अमुक मॉड्यूलमध्ये नाव अज्ञात’ असे म्हटले असेल आणि नावाच्या आधी एक अधोरेषा चिकटलेली असेल, तर बोलणारा लिंकर आहे. ती अधोरेषा आपण लिहिलेली नसते. कंपायलर आपले काम संपवून कागद पुढे पाठविताना प्रत्येक नावावर ती लावतो. जावक शिक्काच म्हणा ना!

आयुष्य कचेरीत गेल्यामुळे आम्हाला हा भेद कचेरीच्याच भाषेत समजतो. कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचतो आणि व्याकरण पाहतो. अर्धविराम राहिला, महिरपी कंस मिटला नाही, घोषित न केलेले चल वापरले, की तो थांबवितो. टिपणीत मात्र ‘तपशील सोबतच्या परिशिष्टात’ असे लिहिलेले असेल, तर ते परिशिष्ट खरोखर जोडले आहे की नाही हे तो पाहत नाही. तो विश्वास ठेवतो आणि पुढे पाठवितो. सगळे कागद एकत्र बांधून प्रत्येक ‘सोबत’पुढचा कागद शोधण्याचे काम लिंकरचे. टिपणी निर्दोष आहे, पण परिशिष्ट नाही. नाव आहे, पत्ता नाही. ही लिंकरची तक्रार होय. त्यामुळे ती आली असता आपल्या ओळी पुनःपुन्हा वाचून काही लाभ नसतो. दोष लिहिलेल्यात नसतो, न जोडलेल्यात असतो.

ही दोन खाती वेगळी का झाली, याचा इतिहास मनोरंजक आहे. केंब्रिज येथे मे १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवणींत सांगितले आहे की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव त्यांना त्याच काळात एकाएकी झाली. त्या चुकांवर त्यांनी आणि डेव्हिड व्हीलर यांनी शोधलेला उपाय असा की, एकदा तपासून निर्दोष ठरलेले आज्ञांचे तुकडे कागदी फितीवर जपून ठेवावेत आणि नव्या कामात ते जोडून घ्यावेत. हेच तुकड्यांचे पहिले ग्रंथालय. पण तुकडा दरवेळी स्मृतीत निराळ्या जागी बसणार, म्हणजे त्यातील पत्ते दरवेळी नव्याने भरावे लागणार. जोडणीचे शास्त्र या अडचणीतून जन्मले.

१९५२ च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी हे काम यंत्राकडूनच करून घेतले. तुकड्यांचे क्रमांक द्यावेत, यंत्राने ते चुंबकीय फितीवरून गोळा करून एकत्र बांधावेत, अशी त्यांची योजना होती, आणि त्या साधनाला त्यांनी कंपायलर, म्हणजे संकलन करणारा, असे नाव दिले. गंमत पाहा : हॉपरबाईंचा कंपायलर आजच्या अर्थाने लिंकरच्या अधिक जवळचा होता! पुढे १९५७ साली आयबीएमची फोर्ट्रान आली, माणसाला समजणारी सूत्रे यंत्रभाषेत उतरू लागली आणि ‘कंपायलर’ हे नाव त्या भाषांतरकाराला कायमचे चिकटले. मराठीत आपण त्याला ‘संकलक’ म्हणतो. शब्द नेमका आहे, फक्त तो एका खोलीतून दुसरीकडे बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या पाटीसारखा झाला आहे. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ सिद्ध करवून राज्यकारभाराच्या एकेका शब्दाला देशी प्रतिशब्द शोधविले, तेथील रहिवाशाला शब्दांचे असे स्थलांतर सहज दिसते, एवढेच.

फोर्ट्रानच्या १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅमचे भाग स्वतंत्रपणे भाषांतरित करण्याची सोय झाली. यंत्राचा वेळ अतोनात महाग होता. एका भागात चूक निघाली म्हणून सगळे पुन्हा भाषांतरित करणे परवडणारे नव्हते. भाग सुटे झाले, तशी त्यांना जोडणाऱ्याची गरजही कायमची झाली.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. त्या जमान्यात छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापील चुकांची यादी मिळण्याची वाट पाहायची, अशी रीत होती. एका स्वल्पविरामासाठी दिवस जाई. त्यामुळे गठ्ठा देण्यापूर्वी माणूस आपले लिखाण डोळ्यांत तेल घालून वाचीत असे.

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविली ती लहान यंत्रावर, आणि लहान घरातल्या काटकसरीच्या सवयी तिला कायमच्या लागल्या. १९८९ च्या तिच्या अमेरिकी प्रमाणग्रंथातही, फाइलीबाहेर दिसणाऱ्या नावांची पहिली सहाच अक्षरे ओळखली जातील एवढीच हमी होती, कारण तेव्हा वापरात असलेल्या कित्येक जुन्या लिंकरांना त्यापलीकडचे कळत नसे. शिवाय त्या काळची सी भाषा आधी न सांगितलेले फंक्शनही मुकाट्याने स्वीकारीत असे. ‘प्रिंटएफ’ची अक्षरे उलटसुलट पडली तरी कंपायलर म्हणे, असेल कोठेतरी! चोरी उघडकीस येई ती लिंकरच्या दारात. शुद्धलेखनाची चूक जोडणीच्या खात्यात का सापडते, हे कोडे त्या काळच्या विद्यार्थ्यांना फार छळी. १९९९ च्या प्रमाणग्रंथाने ही मुभा काढून घेतली.

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर आपल्या देशात छोटे संगणक कचेऱ्यांतून आणि खासगी वर्गांतून दिसू लागले. १९८७ साली बोरलँड कंपनीचे टर्बो सी आले. लिहिणे, भाषांतर आणि जोडणी ही तिन्ही कामे एकाच पडद्यावर, काही क्षणांत. भारतातील महाविद्यालयांनी ते असे काही कवटाळले की जगाने सोडून दिल्यावरही कित्येक वर्षे आपली मुले त्यावरच सी शिकत राहिली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने त्या पिढ्यांचा हात धरला. त्या पुस्तकातील एक युक्ती अनेकांना आठवत असेल. दशांश संख्या वाचताना, दशांशाची सोय जोडलेली नाही असे सांगून प्रोग्रॅम मध्येच कोसळे. जागा वाचविण्यासाठी, गरज दिसल्यावाचून तो भाग जोडायचाच नाही, अशी त्या साधनाची काटकसर होती, आणि काही वेळा त्याला गरज ओळखता येत नसे. उपाय असा की, कधीही न बोलाविले जाणारे, दशांश संख्येचा नुसता पत्ता घेणारे एक फंक्शन लिहून ठेवावे. ते पाहिले की सामान जोडले जाई. कारण न कळताही हजारो विद्यार्थ्यांनी ते मंत्रासारखे लिहिले.

आता आमच्या ‘थकबाकी’कडे वळू. ते फंक्शन दुसऱ्या फाइलीत होते आणि ती फाइल ज्या फ्लॉपीवर होती तिला बुरशी लागली होती. छपाई मात्र शाबूत होती. तिच्यावरून आम्ही ती चाळीस-पन्नास ओळींची फाइल पुन्हा टंकलिखित केली. कंपायलरने तेविसाव्या ओळीवर बोट ठेवले. ती ओळ दहा वेळा वाचली, तिच्यात काहीच दोष नव्हता. मग जुना नियम आठवला. अर्धविराम राहिलेला असतो वरच्या ओळीत, पण तो राहिला हे पुढचा शब्द वाचल्यावाचून कंपायलरला कळत नाही, म्हणून बोट नेहमी खालच्या ओळीवर पडते. बाविसाव्या ओळीला अर्धविराम दिला. दोन्ही फाइलींची नावे प्रोजेक्टच्या यादीत लिहिली. नावाला पत्ता मिळाला. चूक शून्य, सूचना शून्य.

आणि येथे ते जुने देणे समोर उभे राहिले.

नोकरीच्या त्या वर्षांत या प्रोग्रॅमने काढलेल्या यादीत एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या विधवेपुढे उणे एकतीस हजार पाचशे छत्तीस असा आकडा छापला गेला. थकबाकीपुढे उणे चिन्ह म्हणजे वसुली, असा अर्थ लावून बाईंना वसुलीचे पत्र गेले. त्या कचेरीत आल्या. हातात शाळेची वही होती, तीत त्यांनी स्वतः केलेली बेरीज होती : पंचवीस हजार अधिक नऊ हजार, चौतीस हजार येणे. “साहेब, मी दोनदा करून पाहिली,” असे त्या म्हणाल्या. “कंप्युटरने काढले आहे,” असे उत्तर त्यांना देण्यात आले. देणारे आम्हीच होतो. पुढे कागद तपासले गेले आणि त्यांना पैसे मिळाले, पण त्यात चार महिने गेले. आम्ही आकडा हाताने सुधारला आणि यंत्राचा काहीतरी घोटाळा असा शेरा मारून मोकळे झालो. कारण शोधले नाही.

कारण एका शब्दाचे होते. आम्ही रक्कम ‘इंट’ या प्रकारात ठेवली होती. त्या यंत्रावर इंट म्हणजे सोळा बिटांची जागा. बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत तीत मावते. त्यापुढे, स्कूटरच्या मीटरमधील आकडे भरून पुन्हा आरंभी यावेत तशी संख्या उलट्या टोकाला जाते, म्हणजे तीतून पासष्ट हजार पाचशे छत्तीस वजा होतात. चौतीस हजारांतून ते वजा करून पाहावेत. आम्ही माळ्यावरच्या यंत्रात तेच दोन आकडे घातले आणि तेच उणे एकतीस हजार पाचशे छत्तीस पडद्यावर आले. तेहतीस वर्षांनंतर, जसेच्या तसे.

व्याकरणाचा अधिकारी समाधानी होता, जोडणीचा अधिकारीही समाधानी होता. दोघांनी आपापले काम चोख केले होते. हा आकडा माणसाला येणे आहे की देणे, हे पाहण्याचे काम त्या दोघांचे कधीच नव्हते. ते आमचे होते, आणि ते आमच्याऐवजी त्या बाईंनी शाळेच्या वहीत केले. त्यांच्या वहीवर विश्वास ठेवायला आम्हाला कोणत्या कंपायलरची गरज होती?

आम्ही ‘इंट’च्या जागी ‘लाँग’ लिहिले, छापण्याच्या ओळीतही त्याप्रमाणे बदल केला आणि पुन्हा चालवून पाहिले. चौतीस हजार. छपाईचे यंत्र आता नाही, म्हणून तो आकडा जुन्या कागदावर त्या नावासमोर पेनने लिहिला, खाली तारीख घातली, सही केली आणि कागद घडी करून फ्लॉप्यांच्या डब्यात ठेवला.