'पोल्यूशन' : विटाळ आणि प्रदूषण

इंग्रजीतील 'पोल्यूशन' हा लॅटिनमधून आलेला शब्द मध्ययुगात मुख्यतः धर्मक्षेत्राचा होता. पावित्र्यभंग हा त्याचा अर्थ. कारखान्यांनी नद्या नासवल्यावर तो पाण्याला लागू झाला आणि १८७६ च्या ब्रिटिश नदी-प्रदूषण प्रतिबंधक कायद्याने तो अर्थ रूढ केला. जुना अर्थ मात्र लोपला नव्हता. हिंदुस्थानच्या १९११ च्या जनगणनेत जाती वेगळ्या काढण्याच्या कसोट्यांपैकी एक होती स्पर्शाने वा सान्निध्याने होणारे 'पोल्यूशन'. मराठीत यासाठी विटाळ आणि प्रदूषण असे दोन शब्द आहेत, आणि ते परस्परविरोधीही ठरू शकतात. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी विटाळ फेडण्यासाठी त्यात पंचगव्य, म्हणजे शेण आणि गोमूत्रही, ओतले.