भाजल्यावर वनस्पतींची पट्टी: काय उपयोगी, काय धोक्याचे?

भाजल्यावर हळद, कोरफड किंवा बटाट्याचा कीस लावावा का? घरच्या घरी नको.

परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. साली गॉजवर बसवून निर्जंतुक केल्या जात. २००३ मध्ये सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील केळीच्या पानांच्या पट्टीचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

फायदा कशामुळे होतो?
साल किंवा पान जखम ओलसर ठेवते आणि तिला चिकटत नाही. त्यामुळे पट्टी बदलताना कमी दुखते, नवी त्वचा सोलली जात नाही.

वनस्पतींचा अर्क असलेल्या पट्टीची आणखी एक कसोटी असते. ऋतू आणि जमिनीनुसार वनस्पतीतील घटक बदलतात, तरी प्रत्येक पट्टीत अर्काचे प्रमाण सारखेच लागते. घरच्या लेपात ते प्रमाणही नसते आणि निर्जंतुकीकरणही नसते. त्यातून जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

भाजल्यावर काय कराल?
- भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा.
- अंगठी, बांगड्या काढा.
- बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. फोड फोडू नका.
- चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, अथवा लहान मूल भाजले असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.