फाट्यापर्यंत आलेली सोय

कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गाव. शेजारच्या कोसऱ्याशी जोडून त्याचे नाव ‘कोंढा-कोसरा’ असेच घेतले जाते. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा धानाचा मुलूख. शाळा-महाविद्यालयामुळे आसपासच्या खेड्यांतील मुलांचा इथे राबता असतो. शहर म्हणावे एवढे हे गाव मोठे नाही आणि केवळ वस्ती म्हणावे इतके लहानही नाही. अशा गावात नवी वस्तू येते. पण तिचा सुटा भाग, तिचा दुरुस्त करणारा आणि तिच्याविषयीची तक्रार ऐकणारा पवनीला, भंडाऱ्याला किंवा थेट नागपूरला असतो. पूर्व विदर्भातील ग्राहकाचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा अनुभव समजून घ्यायला अशीच गावे उपयोगी पडतात. आगगाडी, एसटी, रेडिओ, टेलिफोन, संगणक हे सगळे या भागात आले, पण प्रत्येक सोय फाट्यापर्यंत येऊन थांबली आणि फाट्यापासून घरापर्यंतची तजवीज ग्राहकाने स्वतः केली.

पहिली सोय आगगाडीची. नागपूर ते राजनांदगाव हा नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८० च्या सुमारास सुरू झाला. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला. मार्ग आखताना नजर छत्तीसगढच्या धान्यावर होती, वाटेतल्या गावांच्या सोयीवर नव्हती. भंडारा शहर त्यामुळे बाजूलाच राहिले आणि त्याचे स्टेशन सुमारे दहा किलोमीटरवर वरठीला झाले. त्याचे नाव भंडारा रोड. तुमसरचे स्टेशन देव्हाडीला, त्याचे नाव तुमसर रोड. ज्या स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ आहे तिथे उतरल्यावर गाव दिसत नाही, हे प्रवाशाने एकदा फसून शिकायचे असे.

१९०८ मध्ये नागपूर ते नागभीड अशी अडीच फूट रुंदीची छोटी लाइन सुरू झाली. या १०६ किलोमीटरच्या मार्गावर उमरेड, भिवापूर ही गावे आली आणि पवनीच्या वाट्याला पुन्हा ‘पवनी रोड’ आले. पवनी हे काही कालचे गाव नव्हे. तिथे १९६९-७० च्या उत्खननात मौर्यकाळापर्यंत मागे जाणारे बौद्ध स्तूप सापडले. वैनगंगेच्या काठच्या या प्राचीन नगरीलाही रेल्वेने वळसाच घातला. कोंढ्याच्या प्रवाशाला तर दोन्ही रेल्वेमार्ग दूरच. एकीकडे वरठी, दुसरीकडे पवनी रोड, आणि दोन्हीकडे पोचायला रेंगी किंवा छकडा. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट चिखलात जाई आणि नदीपलीकडच्या नातेवाइकांकडे डोंग्याने जावे लागे, तेही पूर ओसरल्यावर. छोटी गाडी संथ होती, पण तिच्यात भाजीच्या टोपल्या चढत, बकऱ्या चढत आणि भाडे परवडे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली, तेव्हा तिच्या संथपणावर हसणाऱ्यांनीच तिची सर्वाधिक आठवण काढली असेल.

मोटारीचा इतिहास आगगाडीपेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि कोंढ्यासारख्या गावाला तोच जवळचा आहे. मुंबई राज्यात सरकारी बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. विदर्भ त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि तिथली सरकारी वाहतूक निराळी होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. पुढे १९६१ मध्ये मुंबई राज्य, मराठवाडा आणि विदर्भ येथील बससेवा एकत्र होऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. भंडारा विभागात पवनीला आगार झाले आणि भंडारा-पवनी गाडी ही या मार्गाची नाडी ठरली.

एसटीचा प्रवासी ज्या गोष्टींवर आजवर चिडत आला, त्यांतील बऱ्याच नियमातच दडलेल्या होत्या. भाडे टप्प्याने आकारले जाते आणि टप्पा ६ किलोमीटरचा असतो. आठ किलोमीटर जाणाऱ्याला दोन टप्प्यांचे पैसे पडतात, हे वाहकाला समजावून सांगावे लागते आणि प्रवाशाला ते पटत नाही. दुसरे भांडण सुट्या पैशांचे. वाहक तिकिटाच्या पाठीवर देणे असलेली रक्कम लिहून देई, मग उतरण्याच्या घाईत ती राहून जाई. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली. पुढे भाडे पाचच्या पटीत आकारण्याचा काळ आला, तेव्हा वाद काहीसा शमला. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत पहिल्या टप्प्याचे १० रुपयांचे ११ झाले आणि एका रुपयावरून तीच भांडणे नव्याने सुरू झाली. महामंडळाने त्यावर यूपीआयचा उपाय सुचवला. तो शहरात चालतो. ज्या पट्ट्यात रेंज येते-जाते तिथे पैसे कापले गेले की नाही, हे कळेपर्यंत प्रवाशाचा थांबा मागे पडतो.

मात्र एसटीने या भागाला जे दिले त्याची तोड दुसऱ्या कोणत्याही सोयीला नाही. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी हे खेड्याचे घड्याळ होते. तिच्यामुळे दवाखाना, कचेरी आणि कोर्टाची तारीख एका दिवसात उरकता येई. ‘हात दाखवा, बस थांबवा’ योजनेने थांब्याची अट सैल झाली. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांना विद्यार्थिनींसाठी बसगाड्या मिळाल्या. त्या नसत्या तर दहावीनंतर अनेक मुलींचे शिक्षण थांबले असते. ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. गाडीच आली नाही, तर सवलत असूनही उपयोग नाही. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा हे सर्वांनी पाहिले. त्या महिन्यांत काळीपिवळीवाल्यांनी ठरवले तेच भाडे आणि ठसाठस भरल्यावर निघेल तीच वेळ.

यंत्रांत पहिला मान रेडिओचा. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून शेतीच्या कार्यक्रमांपासून लोकगीतांपर्यंत या भागाची भाषा त्या यंत्रातून ऐकू येऊ लागली. परंतु रेडिओ विकत घेतला म्हणजे तो आपला झाला असे नव्हते. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनपरवाना संच बाळगणे गुन्हा होता. दरवर्षी पोस्टात जाऊन शुल्क भरायचे आणि परवान्याच्या पुस्तकावर नोंद करून घ्यायची. ही कटकट १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. ट्रान्झिस्टर आल्यावर विजेची अडचण सुटली आणि सेलचा खर्च मागे लागला. उतरलेले सेल उन्हात वाळवून पुन्हा घालायचे, ही युक्ती घरोघरी होती. तिने दिवस-दोन दिवसांच्या बातम्या ऐकू येत, इतकेच.

दूरचित्रवाणी आली तेव्हा अडचण उलटी झाली: संच घरात, चित्र मात्र हवेत. बांबूवर चढवलेला अँटेना, त्याला जोडलेला बूस्टर, आणि छपरावरच्या मुलाला अंगणातून ‘थोडं डावीकडे’ असे ओरडून सांगणारा बाप, हे १९८७-८८ च्या ‘रामायण’ मालिकेच्या काळात प्रत्येक गावाने अनुभवले. पुढे विजेच्या दाबाने संच जळू लागले, म्हणून स्टॅबिलायझर घेणे भाग पडले. टीव्हीसोबत ही दुसरी खरेदी करावी लागेल, असे दुकानदाराने आधी क्वचितच सांगितले असेल. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास वीज नसे, तेव्हा इन्व्हर्टर हा तिसरा खर्च आला. यंत्राची खरी किंमत त्याच्या पावतीवर नसते, हा शोध खेड्यातील ग्राहकाला शहरी ग्राहकाच्या आधी लागला.

टेलिफोनचा अध्याय वाट पाहण्याचा आहे. अनेक वर्षे खेड्याचा फोन म्हणजे पोस्टातला. ट्रंक कॉल नोंदवायचा, बाकावर बसायचे आणि जोडणी लागली की सगळ्यांदेखत ओरडून बोलायचे. हे चित्र बदलले ते १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेमुळे. तिने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बनवले. वातानुकूलनाशिवाय चालणे हा त्याचा विशेष होता, आणि पंचेचाळीस अंशांच्या विदर्भी उन्हाळ्यात तोच कामाचा होता. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणानंतर बूथपुढे रांग लागे. बूथवाला नुसता पैसे घेणारा माणूस नव्हता. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोराचा निरोप तो घरी पोचवी, नंबर लिहून ठेवी, उधारी मांडी. मोबाइलने हा मधला माणूस संपवला. सुरुवातीला येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये ते बंद झाले आणि मगच मोबाइल मजुराच्या खिशात गेला. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. रेंज नसलेल्या कंपनीला कायमचे बांधून घेतलेल्या ग्राहकाच्या हाती प्रथमच काही आले.

संगणक आणि महाजाल या गावांत आले ते बहुधा २००१ नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गांतून. तिथे मराठी लिहायला बसलेल्याचा पहिला हिरमोड फॉन्टचा. एका फॉन्टमध्ये टंकलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की चिन्हांचा उकिरडा दिसे, म्हणून पेन ड्राइव्हमध्ये मजकुरासोबत फॉन्टही न्यावा लागे. देवनागरीसाठी युनिकोडची सोय १९९० च्या दशकातच झाली होती. ती कचेऱ्यांत आणि छापखान्यांत रुजायला मात्र पुढे बरीच वर्षे गेली. परदेशातील मराठी मंडळींचे ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून. खेड्यातील मराठी माणूस या जगात वाचक म्हणून आला आणि लेखक व्हायला त्याला अजून एक दशक लागले.

हा लेखक कवी किंवा कथाकार नव्हता, तो जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक होता. २०१५ मध्ये शिक्षण विभागाने ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली आणली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरायची सक्ती झाली. दिवसा सर्व्हर चालेना, म्हणून शिक्षक मध्यरात्री उठून माहिती भरू लागले. कोणता रकाना कसा भरायचा, चूक कशी दुरुस्त करायची, हे सरकारी संकेतस्थळावर नीट सापडत नसे. ते सापडे राज्यभरातील शिक्षकांनी स्वखर्चाने किंवा फुकटच्या जागेवर काढलेल्या व्यक्तिगत संकेतस्थळांवर. तिथे एक्सेलचे तयार तक्ते, शासन निर्णयांचे दुवे, परिपाठ, कवितांच्या चाली, सगळे मिळे. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे बिरुद त्यातूनच रूढ झाले. मराठीत व्यक्तिगत संकेतस्थळांची एवढी उपयुक्त लाट दुसरी आलेली नाही, आणि तिची नोंद मात्र कुठे फारशी नाही. व्हॉट्सॲपचे गट आणि यूट्यूब आल्यावर यांतील बरीच पाने ओस पडली. फुकटच्या जागेवरील मजकूर मालकाच्या मर्जीवर जगतो, हे जगाने १९९४ मध्ये निघालेल्या आणि २००९ मध्ये बंद झालेल्या जिओसिटीजच्या वेळी पाहिलेच होते.

शेतकऱ्याची गाठ सरकारी संकेतस्थळांशी पडली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, हा निर्विवाद फायदा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप आले. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो चढवायचा, आणि बांधावरच नेटवर्क नसायचे. आधारभूत केंद्रावर धान विकायलाही ऑनलाइन नोंदणी लागते. जिल्ह्याचे मुख्य पीकच धान असल्याने हंगामात सेवा केंद्रापुढे रांग लागते आणि ‘सर्व्हर डाउन’ हे शब्द आजीबाईंच्याही तोंडी येतात. पीसीओवाल्याची जागा आता सेवा केंद्र चालवणाऱ्याने घेतली आहे. पासवर्ड त्याच्याच वहीत असतात, ही व्यवस्था धोक्याची आहे. पण तिच्यावाचून अनेकांचे अर्ज भरलेच गेले नसते.

तक्रारीचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात लवकर उठला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, तर १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत मंच आले. टेलिफोनच्या ग्राहकाला मात्र तिथेही चकवा मिळाला. २००९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन बिलांचे वाद टेलिग्राफ कायद्याखाली लवादाकडे जावेत, असे म्हटले आणि मंचांनी अशा तक्रारी परत पाठवायला सुरुवात केली. हा अडसर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने दूर केला.

त्याआधीच, २० जुलै २०२० पासून, २०१९ चा नवा कायदा लागू झाला होता. जुन्या कायद्यात तक्रार विक्रेता किंवा कंपनी जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथे करावी लागे. नव्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडेही (पूर्वीच्या मंचाकडे) ती करता येते. बेंगळुरूच्या कंपनीकडून ऑनलाइन घेतलेल्या बिघडलेल्या फोनसाठी कोंढ्याच्या ग्राहकाला आता भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगापर्यंतच जावे लागते. ५० लाखांपर्यंत किमतीच्या खरेदीची तक्रार तिथे चालते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही ऐकून घेते. पावती जपून ठेवावी, आणि तक्रारीचे निमित्त घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.